सव्वादोन लाख किलोमीटर धावलेली पुंटो घरी पुन्हा उभी करताना

आमची फियाट ग्रँड पुंटो २०१० सालची. १.३ मल्टिजेट डिझेल, मीटरवर २ लाख २४ हजार. गेल्या पावसाळ्यात पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग रोज थोडा थोडा मोठा होऊ लागला आणि घरात एकच विषय सुरू झाला, गाडी काढायची की करायची? जुन्या गाड्या घेणाऱ्या दोघांनी सांगितलेली किंमत ऐकून बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी वही उघडली.

ऑक्टोबरात हात घातला, एप्रिलमध्ये काम संपलं. बहुतेक सगळं शनिवार-रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. काय घरी जमतं, काय बाहेर द्यावं आणि कोणत्या क्रमाने करावं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. तुमच्याकडे फियाटचीच लिनिया असेल तरी यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल.

क्रमावर मी पुन्हा पुन्हा येणार आहे. घरी सुरू केलेली बरीच कामं अर्धवट राहतात, कारण पैसे आधी दिसणाऱ्या गोष्टींवर जातात. नवा स्टिरिओ, सीट कव्हर, पॉलिश झालं की उत्साह आणि शिल्लक दोन्ही संपतात, आणि गाडीचा ब्रेक होता तसाच राहतो. आधी गाडी थांबली पाहिजे, मग इंजिनाला तेल आणि गारवा मिळाला पाहिजे, मग ती सरळ चालली पाहिजे, मग वायरिंग. रंगरूप सगळ्यात शेवटी.

या गाडीची सोय आणि अडचण

पुंटोचा आकार इटलीचे नामांकित डिझायनर जुजारो यांच्या इटालडिझाइनने फियाटबरोबर घडवला, पण आपल्याकडची गाडी बनली ती पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, रांजणगावच्या एमआयडीसीत, फियाट आणि टाटांच्या संयुक्त कारखान्यात. बाबांना याचा अजून अभिमान आहे. महागणपतीला जाताना कारखान्याच्या बाजूला एकदा बोट दाखवल्याशिवाय ते पुढे जात नाहीत.

सोय इंजिनाची आहे. १२४८ सीसीचं हेच मल्टिजेट मारुतीने डीडीआयएस म्हणून स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये वापरलं आणि टाटांनी क्वाड्राजेट म्हणून व्हिस्टा, मान्झात. त्यामुळे फिल्टर, चेन किट, इंजेक्टरचं काम, सेन्सर यांसाठी वणवण करावी लागत नाही. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात 'फियाट' म्हटलं तर कधीकधी मान हलते, 'स्विफ्ट डिझेल' म्हटलं की तोच पार्ट काउंटरवर येतो. मात्र आपला जुना पार्ट आणि त्यावरचा नंबर सोबत न्या. इंजिन एक असलं तरी पाईप, ब्रॅकेट आणि कनेक्टर प्रत्येक गाडीत वेगळे असतात.

अडचण बाकी सगळ्याची आहे. फियाटने इथे पुंटो-लिनिया बंद केल्या, त्यानंतर दाराचे हँडल, काचेचे रेग्युलेटर, बंपर, दिवे, लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) हे शोधून आणावे लागतात. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हँडल, लोगो, स्विच असं काही मिळून जातं. ब्रेक, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शनचा कोणताही भाग मात्र तिथून घेऊ नका. गाडी उघडण्याआधी दुर्मीळ पार्ट हातात असले पाहिजेत. उघडलेली गाडी दोन महिने विटांवर उभी राहिली की सोसायटीचा संयम सुटतो आणि आपलाही.

गाडी करण्याजोगी आहे का, हे ठरवायचा माझा निकष सोपा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं बदलता येतं, सांगाडा बदलता येत नाही. दारांखालची उंबऱ्याची पट्टी, पुढच्या शॉकअपच्या वरचे बुरूज आणि मागच्या बीमच्या जोडाची जागा हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून बघा. टणक आवाज आला तर पुढे जा. भसकन आत गेलं किंवा पूर्वीच्या अपघाताचं वेडंवाकडं वेल्डिंग दिसलं, तर तिथेच थांबा.

आधी वही, मग पाना

पहिले दोन आठवडे मी एकही बोल्ट सोडला नाही. रोज सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडून सुरू करायची आणि पहिले पाच सेकंद कान द्यायचा. कुठला आवाज, किती वेळ, धुराचा रंग कोणता, हे वहीत. मग ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी. आमची ठरलेली फेरी कोथरूडहून चांदणी चौक, तिथून एनडीए रस्ता आणि परत. खड्डा, स्पीडब्रेकर, चढ, मोकळा रस्ता सगळं त्यात येतं. स्पीडब्रेकरवर 'टक्' आवाज डावीकडून की उजवीकडून, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, पूर्ण वळवल्यावर स्टिअरिंगचा पंप कण्हतो का, सगळी नोंद.

सोबत एक ब्लूटूथचा ईएलएम ३२७ स्कॅनर घ्या, गाडीच्या संगणकातले आकडे आणि बिघाड तो दाखवतो. फियाटसाठी मल्टीईसीयूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते लॅपटॉपवर चालवलं की साध्या अ‍ॅपपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. एबीएस आणि एअरबॅगपर्यंत पोचायला वेगळ्या अ‍ॅडॅप्टर वायरी लागतात, इंजिनाचं वाचन मात्र सुरुवातीला पुरेसं आहे. तीन गोष्टी बघा: गरम झाल्यावर कुलंटचं तापमान कुठे स्थिरावतं, चारही इंजेक्टरच्या (डिझेल फवारणाऱ्या नळ्यांच्या) करेक्शनचे आकडे, म्हणजे संगणक प्रत्येकाला डिझेल किती कमी-जास्त करून देतो ते, एकमेकांच्या किती जवळ आहेत, आणि जोर दिल्यावर टर्बोचा मागितलेला दाब व मिळालेला दाब यांत किती फरक पडतो. एका इंजेक्टरचा आकडा बाकी तिघांहून फार वेगळा असेल तर आधी त्याची बेंचवर चाचणी करून घ्या. अंदाजाने चारही बदलणं हा या गाडीवरचा सगळ्यात महागडा चुकीचा खर्च आहे.

जागा आणि जीव

सोसायटीला आधी सांगा, लेखी सांगितलं तर उत्तम. मी सेक्रेटरींना कामाचे दिवस, वेळ आणि फरशीवर प्लॅस्टिक अंथरणार हे कळवलं होतं. एकदाही वाद झाला नाही.

हत्यारं बोहरी आळीत मिळतात. चांगल्या पोलादाचा गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), दोन टनांपेक्षा जास्त क्षमतेचे चार जॅक स्टँड, हायड्रॉलिक जॅक, मल्टिमीटर आणि गंज सोडवणारं स्प्रे तेल, एवढ्यावर ऐंशी टक्के काम होतं. टॉर्क रेंचमध्ये कंजुषी नको.

पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायचा चौकोन ठेवा, नाहीतर पाय ब्लॉकमध्ये रुततो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली पाच सेकंदांसाठीही जाऊ नका. इंजिन चालू असताना डिझेलच्या स्टीलच्या पाईपचा नट कधीच सैल करू नका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, ती धार कातडीतून आत शिरते. आणि एअरबॅगजवळ काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा.

एक बारीक गोष्ट. या गाडीच्या चाकाला नट नसून बोल्ट असतात, त्यामुळे चाक परत लावताना भोकं जुळवता जुळवता हात भरून येतात. त्याच आट्यांच्या लांब बोल्टचं डोकं कापून घेतलं आणि तो एका भोकात फिरवून ठेवला, की चाक त्यावर टांगता येतं.

पहिलं खरं काम म्हणजे धुणं. बॉनेटखाली बॅटरी, अल्टरनेटर आणि फ्यूजबॉक्स प्लॅस्टिकने झाका, डिग्रीझर मारून ब्रशने घासा, मंद धारेने धुवा, प्रेशर पंप नको. मग दोन दिवस गाडी चालवा. जुन्या तेलकट थरात गळती कुठून होते ते कळत नाही, स्वच्छ इंजिनावर ताजा ओघळ लगेच दिसतो. माझ्या गाडीला तीन ठिकाणी गळती आहे असं मला सांगण्यात आलं होतं. धुतल्यावर निघाली एकच, आणि ती पॉवर स्टिअरिंगच्या पाईपची.

ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचं चाक काढून कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) दोन्ही पिना हाताने सरकतात का बघा. आमची डाव्या बाजूची खालची पिन जाम होती, म्हणून आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक. पिना पॉलिश पेपरने साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं. डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजा आणि तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून बघा. मागचे ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरचं रबर उचकून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला, किट टाकत बसू नका. चारही रबरी होज वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर चारही एकदम.

मग डॉट ४ ब्रेक ऑइल पूर्ण बदला. हे तेल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ताम्हिणी उतरताना सतत ब्रेक दाबल्यावर पेडल स्पंजासारखं लागायचं मुख्य कारण तेच. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. बाबा पेडलवर, मी निपलवर (चाकाजवळच्या, तेल आणि हवा बाहेर सोडायच्या स्क्रूवर). "दाबा", "धरून ठेवा", "सोडा" असे तीनच शब्द ठरवून घेतले होते आणि निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही हा नियम. टाकीतली पातळी दर पाच-सहा दाबांनंतर बघत राहा. एकदा तळाला लागून हवा आत गेली की पहिल्यापासून सुरू. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

तेल आणि टायमिंग चेन

पिस्टन आणि वॉल्व यांची वेळ जुळवायला या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे, आणि 'चेन आयुष्यभर टिकते' या वाक्याने बरीच इंजिनं मेली आहेत. चेन टिकते ती तेलावर. या इंजिनात तेलच जेमतेम तीन लिटर मावतं. अर्धा लिटर कमी झालं तर सहावा हिस्सा गेला, आणि उरलेलं तेल तितकंच जास्त तापतं, लवकर काळं आणि जाड होतं. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल खराब झालं की सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. वहीत पहिल्या पाच सेकंदांची नोंद ठेवायला सांगितलं ते याचसाठी. खडखड रोज येत असेल, लांबत असेल, तर वाट बघू नका. चेनने दात सोडला तर पिस्टन आणि वॉल्व एकमेकांना भिडतात.

चेन किटमध्ये चेनसोबत टेन्शनर, गाईड आणि स्प्रॉकेट (दातेरी चाकं) सगळं घ्या. नुसती चेन बदलून जुन्या दात्यांवर चढवणं म्हणजे नव्या चपलेला जुने बंद. हे काम मी घरी केलं नाही आणि तुम्हीही करू नका असंच सांगेन. क्रँक आणि कॅमशाफ्ट जागेवर धरणारी लॉकिंग पिनांची हत्यारं लागतात. त्याऐवजी व्हाइटनरची खूण करून अंदाजाने बसवणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. 'लॉकिंग टूल दाखवा' हा पहिला प्रश्न विचारा. नाना पेठेतल्या ज्या काकांकडे मी गेलो त्यांनी न बोलता डबा उघडून समोर ठेवला.

एक गोष्ट मात्र आग्रहाने करून घ्या. गाडी तिथे उघडलेली असताना तेलाचं चेंबर उतरवून आतली जाळी साफ करायची. जळलेल्या तेलाचा काळा गाळ त्या जाळीवर बसतो आणि पंपाला तेल ओढता येत नाही. आमच्या जाळीचा निम्म्याहून जास्त भाग बंद होता. नवी चेन टाकून ती जाळी तशीच ठेवली असती तर काही हजार किलोमीटरांत पुन्हा तीच खडखड.

त्यानंतरचं तेल बदलणं घरचं काम. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं सिंथेटिक तेल घ्या. फिल्टर प्लॅस्टिकच्या डब्यात बसणारा कागदी आहे. डब्याची ओ-रिंग दरवेळी बदला, तिला तेलाचं बोट लावा आणि झाकण टॉर्क रेंचनेच आवळा, हाताच्या जोरावर आवळलं की ते तडकतं. ड्रेन बोल्टचं वॉशर नवं. भरताना थोडं कमी टाका, एक मिनिट इंजिन चालवा, दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघून पूर्ण करा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेलही वाईटच. मी आता दर साडेसात हजार किलोमीटरला तेल बदलतो. शहरात सिग्नलला उभ्या राहणाऱ्या जुन्या डिझेलला मला तेच योग्य वाटतं. निघालेलं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, ते जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे जातं. ड्रेनेजमध्ये ओतलेलं तेल शेवटी मुठेत जातं, हे लक्षात असू द्या.

कुलंट आणि थर्मोस्टॅट

पूर्वी एका गॅरेजने आमच्या गाडीत नळाचं पाणी आणि हिरवं कुलंट एकत्र भरलं होतं. टाकीच्या तळाशी पिवळसर चिखल साचला होता. या इंजिनाला लाल, सेंद्रिय आम्लाच्या तंत्राचं कुलंट लागतं. ते जुन्या हिरव्यात मिसळायचं नसतं. खालचा होज काढून सगळं उतरवा, बॅटरीच्या पाण्याने धुवा, गाडी गरम करा, पुन्हा उतरवा. स्वच्छ पाणी निघेपर्यंत. मला चार वेळा करावं लागलं. मग कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. बोअरचं पाणी कधीच नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

थर्मोस्टॅट या गाडीत बहुधा उघडाच अडकतो, म्हणून गाडी तापत नाही आणि मालकाला वाटतं सगळं छान आहे. स्कॅनरवर द्रुतगती मार्गावर तापमान ७० च्या आसपास रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट गेला. इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त पितं, काजळी वाढते. आमचं अ‍ॅव्हरेज लिटरला दीड किलोमीटरने सुधारलं त्यात मोठा वाटा याचा होता असं मला वाटतं. 'आपल्याकडे उकाडा आहे, थर्मोस्टॅट काढूनच टाका' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

भरताना आतला हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. पंखा दोनदा फिरून बंद झाला की काम झालं. गरम टाकीचं झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

काजळी

ईजीआर वॉल्व (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) आणि त्याच्यामागचं, हवा आत नेणारं मॅनिफोल्ड काजळीने बुजतं. लक्षण म्हणजे खालच्या आरपीएमला दम नसणं आणि जोर दिल्यावर काळा धूर. वॉल्व काढून कार्ब क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, गॅस्केट नवं टाका. काजळीचे ढेकळे इंजिनात पडू देऊ नका, तोंडात कापड कोंबून ठेवा आणि ते काढायला विसरू नका. दाबाचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक क्लीनरने अलगद. ईजीआर कायमचा बंद करून देणारे आहेत. तो उत्सर्जनाचा भाग आहे, बंद करणं बेकायदा आहे, मी केलं नाही.

टर्बोकडून येणारे रबरी होज वळणाच्या आतल्या बाजूला फाटतात. तिथे तेलाची ओल आणि शिट्टीसारखा आवाज आला की होज बदला. डिझेल फिल्टर दरवेळी, आणि पावसाळ्यात मध्येच एकदा त्यातलं पाणी काढा. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी तापणारे) काढायचे असतील तर इंजिन गरम असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून, सावकाश. तुटून आत राहिला तर हेड उतरवायची वेळ येते.

सस्पेन्शन

पुंटोची खरी गंमत तिच्या चालण्यात आहे. वळणावर जमिनीला धरून ठेवणारी ती चाल परत आली तर बाकी मेहनत सार्थकी लागली असं समजा. आणि ती जाते ती बुशांमुळे, म्हणजे जोडांमधल्या रबरी नळ्यांमुळे.

गाडी स्टँडवर घेऊन प्रत्येक जोडावर पहार टेकवून हलवा. आधी स्टॅबिलायझरचे लिंक रॉड. लहान खड्ड्यांवर 'टक टक' बहुतेक वेळा त्यांचीच असते आणि ते स्वस्तही आहेत, त्यांच्यापासून सुरू करा. मग लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, मग शॉकअपच्या वरचे माउंट. शॉकअप कायम जोडीने. कॉइल स्प्रिंग दाबून काढण्याचं काम घरी करू नका. सुटलेली स्प्रिंग हाड मोडते. स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकअप) उतरवून वर्कशॉपमध्ये न्या, तिथे अर्ध्या तासात होतं.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने लोअर आर्मचे नवे बुश बसवले आणि ते आठ महिन्यांत फाटले. दोष बुशांचा नव्हता. रबरी बुशाची आतली नळी बोल्ट आवळला की जागेवर पकडली जाते. गाडी हवेत, चाक लोंबतंय अशा स्थितीत बोल्ट आवळले तर ते रबर गाडी खाली उतरताच पिळलं जातं आणि आयुष्यभर पिळलेलंच राहतं. म्हणून बोल्ट आधी हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, किंवा आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन त्यावर येऊ द्या, आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचं आवळा. मागच्या बीमच्या बुशांनाही हाच नियम.

स्टिअरिंग आपल्याकडच्या पुंटोत हायड्रॉलिक आहे. टाकीतलं तेल काळं झालं असेल तर सिरिंजने काढून नवं भरा, दोन-तीन दिवसांनी परत. रॅक गळत असेल तर तो उतरवून रीकंडिशन करून घ्या, सील बाहेरून थापून काही होत नाही. हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट, आधी नाही.

अर्थिंग, उंदीर आणि दिवे

इटालियन गाडीचं वायरिंग वाईट, असं सगळे म्हणतात. माझा अनुभव असा की वायर चांगली असते, अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी विजेची वाट) वाईट असतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी आणि गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या जाड पट्टीचे जोड गंजतात. मग सेल्फ जड फिरतो, मीटरवर नको ते दिवे लागतात, स्टिअरिंगपासून एबीएसपर्यंत सगळ्यांवर संशय येतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. आमचा ०.९ आला. तपकीर गल्लीतून जाड तांब्याची वायर आणि तिच्या टोकांना लावायचे लग घेतले, लग दाबून बसवले, जोडाची जागा धातू दिसेपर्यंत घासली, बोल्ट लावला आणि वरून पेट्रोलियम जेली. सोबत जुन्याला समांतर आणखी एक अर्थ दिला. चार दिवे आपोआप विझले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले की अल्टरनेटर ठीक.

टेकडीजवळ राहणाऱ्यांना उंदरांचा त्रास ठाऊकच आहे. कुरतडलेल्या वायरीला नुसती टेप गुंडाळू नका. सोल्डर, मग उष्णतेने आवळणारी नळी, मग कापडी टेप. गाडी आठवडाभर एका जागी उभी राहू न देणं हा मला लागू पडलेला एकमेव उपाय.

पिवळ्या पडलेल्या दिव्यांच्या काचा ८००, १५००, २०००, ३००० असे पाणपेपर क्रमाने, भरपूर पाणी घेऊन घासा. मग पॉलिश आणि वरून अतिनील किरण अडवणारं क्लिअर कोट. हा शेवटचा थर नसेल तर एका उन्हाळ्यात काच पुन्हा पिवळी. बल्ब मूळ वॅटचेच ठेवा आणि रिले लावून जाड वायरीने थेट बॅटरीवरून वीज द्या. उजेड किती वाढतो ते रात्री खंबाटकीत कळतं.

पत्रा आणि आतलं

गंजाचं काम पावसाळ्याआधी संपलं पाहिजे. ओल्या हवेत प्रायमर धरत नाही. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, स्टेपनीखालचा गालिचा उचला, चाकांच्या कमानीचं प्लॅस्टिक काढा. गंज चकचकीत धातू येईपर्यंत घासून, खाचांत उरलेल्या गंजावर कन्व्हर्टर, मग एपॉक्सी प्रायमर, रंग. कोकणात जाऊन आलात की खालून गाडी धुवा.

छताचं कापड लोंबत असेल तर बोर्ड मागच्या दारातून बाहेर काढा, कुजलेला फोम हाताने पूर्ण खरवडा आणि उष्णता सोसणाऱ्या स्प्रेने नवं फोमचं कापड मधून कडेकडे चिकटवत न्या. चिकट झालेली बटणं आणि पॅनेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की तो रबरी थर निघून खालचं साधं प्लॅस्टिक उरतं. एसीचं मी फक्त कंडेन्सर धुवायचं काम केलं, गॅस वजनाने मोजून भरणाऱ्या दुकानातून भरून घेतला.

वाढीव काम, आणि जे केलं नाही

चांगले टायर, दारांच्या आत आवाज दाबणाऱ्या शीट, मागचा कॅमेरा, फोनला जोडणारा स्टिरिओ. एवढंच. शीट लावल्यावर दार बंद होण्याचा आवाजच बदलला आणि हायवेवर आईला मागच्या सीटवरून बोललेलं ऐकू येऊ लागलं. टायरचा आकार मॅन्युअलमधल्या पर्यायांतलाच निवडा.

ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवणं, मी केला नाही. सव्वादोन लाख धावलेल्या क्लचवर आणि टर्बोवर जास्त टॉर्क टाकला की आधी क्लच घसरतो, मग खर्चाची रांग लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. रंग बदललात तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. आमची संपत आली होती. नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरून मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. विमा, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबरप्लेट हे सगळं जागेवर ठेवा. मी संगमब्रिजच्या आरटीओत जायच्या आदल्या दिवशी हॉर्न, वायपर, चारही इंडिकेटर, हँडब्रेक आणि नंबरप्लेटचा दिवा तपासला. शेवटच्या दिव्याचा बल्ब गेलेला निघाला.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या दिवशी फक्त सोसायटीभोवती, मग तीच जुनी चांदणी चौकाची फेरी, आणि जुनी वही शेजारच्या सीटवर. आठवड्याने कात्रज घाट, चार माणसं आणि एसी चालू. स्कॅनरवर तापमान चढावर ९४ पर्यंत गेलं आणि बोगद्यानंतर ८९ वर आलं. पेडल घट्ट. थंड इंजिनाची खडखड नाही.

पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा स्टँडवर घ्या. चाकांचे बोल्ट, लोअर आर्मचे बोल्ट, कॅलिपरचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, कुलंटच्या सगळ्या क्लिपांवर बोट फिरवा, तेलाच्या फिल्टरच्या झाकणाखाली पांढरा कागद पुसून बघा. आमच्या खालच्या होजची एक क्लिप पाव फेरा आवळावी लागली. कागद कोरडा निघाला. ती तारीख आणि मीटरचा आकडा बाबांनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिला, शेजारी पुढच्या तेलाचा आकडा.